दर नदीला एक मूठ

उंबरवाडी, ता. मुरबाड
कार्तिक वद्य द्वितीया, २२ नोव्हेंबर २००२

चि. सौ. सकूस,
सिद्धगडाच्या सावलीतून भगीरथदादाचा आशीर्वाद.

खळे उरकले. पेंढा रचून झाला आणि अंगण एकाएकी मोठे दिसू लागले. त्या मोकळ्या अंगणात बसून हे पत्र लिहितो आहे. यात जे सांगायचे आहे ते घरात बसून लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही.

अक्षयची आसामातील नोकरी कायम झाली. तेजपूरजवळच्या चहाच्या मळ्यात यंत्रशाळेचे काम त्याच्याकडे आहे. आता तो सूनबाईला, अनिताला, नेतो आहे आणि मलाही चला म्हणतो. ‘बाबा, तुमी हितं आजारी पडलात तं मला तिथं आठ दिवसांनी कळनार,’ असे तो म्हणाला. चाळीस वर्षे मी शाळेत मुलांना शिकवले. वैराग्यावर दर चातुर्मासात बोललो, आणि घराला कडी लावायची म्हटल्यावर हात उंबऱ्याशी अडतो. तरीही जायचे ठरवले आहे. शेत आणि किल्ली वरच्या पाड्यावरच्या बुधूकडे राहील.

देवांना मात्र कुलपात ठेवता येणार नाही. अनिताने रीत विचारली, तेव्हा तिला सांगितली तशीच येथे लिहितो, म्हणजे चुकत असेल तर तू दुरुस्त करशील. आपल्या देवघरात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले पाच टाक: कुलस्वामी, कुलस्वामिनी, वीर, आणि आपले गेलेले बाबा आणि आई. देव गाव सोडतात तेव्हा त्यांना पितळी डब्यात नव्या तांदळात झोपवावे. झोपवणारा हात घरच्या लेकीचा असावा. वाटेत जी नदी येईल तिला त्याच तांदळातली एक मूठ द्यावी, मगच देवांनी ती ओलांडावी. नव्या घरी पोहोचेपर्यंत देवांचे तोंड पाहू नये; मूठ डोळे मिटून भरावी आणि मिटूनच सोडावी. पोहोचल्यावर देव मांडावेत आणि उरलेल्या तांदळाचा नैवेद्य करावा.

यामुळेच आम्ही जीपने जाणार आहोत. अक्षयने आगगाडीची तिकिटे काढायचे म्हटले होते. मी विचारले, ‘आगगाडी नदीवर थांबते का?’ तो म्हणाला, ‘बरं, चालवतो तीन हजार किलोमीटर.’

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला निघायचे आहे. आदल्या दिवशी ये. हात तुझा हवा.

तुझा दादा

---

कुडपाडा (तानसा), ता. शहापूर
२८ नोव्हेंबर २००२

दादा,
तुझी सकू बोलते आनि नम्रता लिवते. (मामाआजोबा, नमस्कार. आजीने बजावले आहे की ती बोलेल तेच लिहायचे, शुद्ध करायचे नाही.)

तुझा पत्र आला. नम्रताकडनं दोनदा वाचून घेतला. तुझा मास्तरकीचा लिवना मला एका वेळेत कळत नाय. जातोस तं जा. बाप पोराकडं जानार नाय तं कुठं जानार. मी आडवी येनारी कोन?

पन एक इचारते. दर साल पौषात चार दिस मी माहेरला येते. आंगनात पाय धुते, आयच्या फुडं बसते, तुझ्याशी भांडते आनि परत येते. आता कुनाकडं येऊ? कुलपाकडं येऊ? तुझं भावजी म्हनतात, तेजपूरला जा की. मी म्हटला, तुमाला शहापूरच्या बाजारातनं मीठ आनाया दोन दिस लागतात, तुमी मला तेजपूर दावनार व्हय?

आय गेली तवा सोनारानं टाकावर तिचं डोळं मोठं काढलं. तू त्याच्याशी भांडलास. मी म्हटला, ऱ्हाऊ दे, दारात कोन आला ता बघते ती. चाळीस साल झाली लगनाला, आजून मी दारात पाय ठेवला का ती तशीच बघते. ता तोंड बघाया मी येते रे. तुझा काय बघायचा.

मी येते. देवांना दुसऱ्या कुनाचा हात लावू नको.

सकू

---

खलघाट, नर्मदेचा उत्तर तीर
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, १० डिसेंबर २००२

चि. सौ. सकूस,
आज आशीर्वाद नर्मदेकडून घेऊन तुला पाठवतो.

काल निघताना तुझ्याशी नीट बोलणे झाले नाही. तू देवघराचे दार लोटून घेतलेस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. आलीस तेव्हा डबा माझ्या हाती दिलास, फडक्याची गाठ पुन्हा एकदा तपासलीस आणि गोठ्याकडे निघून गेलीस. जीप वळेपर्यंत मी मागे पाहत होतो. तुझा पदर तेवढा दिसला.

काळू नदीला पहिली मूठ दिली, भातसेला दुसरी. कसारा घाट चढून गेल्यावर नाशिकला गोदावरीला तिसरी. पुढे अक्षय म्हणाला, ‘बाबा, वढ्यांना पन देनार काय? तेजपूरपर्यंत डब्यात देवच ऱ्हातील नुसतं.’ मी म्हटले, ज्या पाण्याला नाव आहे त्याला मूठ. तेव्हापासून तो प्रत्येक पुलाशी गाडी उभी करतो आणि कोणीही भेटला तरी त्याला पाण्याचे नाव विचारतो. पांझरेच्या काठी एका गुराख्याने नाव सांगून वर विचारले, ‘नदी विकत घ्यायची आहे का?’ अनिता अजून हसते आहे.

सकू, लहानपणापासून स्नानाच्या वेळी मी या नद्यांना नावाने बोलावत आलो. सगळ्या एका तांब्यात येत आणि एका डोक्यावरून वाहून जात. आता त्या एकेक करून समोर येतात. तापी आली तेव्हा ऊन कलले होते आणि पाणी इतके संथ होते की पूलच वाहतो आहे असे वाटले. आज सकाळी नर्मदा. मांडीवर डबा, डब्यात देव निजलेले. काचेतून पाहता पाहता मला वाटते की आमची गाडी जागच्या जागी उभी आहे आणि देशच तिच्या खालून हळूहळू मागे सरकतो आहे. देव जागे झाले की विचारतील, आलो का? आणि मला सांगता येणार नाही, कारण निघालो असे मलाच अजून वाटत नाही.

येथून पुढे माझा पत्ता नाही. तू तेजपूरलाच लिही. तुझे पत्र माझ्याआधी पोहोचू दे.

तुझा दादा

---

कुडपाडा
१४ डिसेंबर २००२

दादा,
नर्मदेचा पत्र मिलाला. तुझं भावजी ता सगल्या पाड्याला वाचून दावतात, जसा काय तेच जीप चालवत गेलं.

मी गोठ्याकडं गेली ती रडाया नाय गेली. तसा समजू नको.

पोचलास का देव मांड, भात कर, आनि पयला पत्र मला टाक. काय आसल ता लिही. रागवायचा आसल तरी लिही. मी वाट बघते.

सकू

---

तेजपूर, आसाम
मार्गशीर्ष वद्य षष्ठी, २५ डिसेंबर २००२

चि. सौ. सकूस,
ब्रह्मपुत्राच्या उत्तर काठावरून आशीर्वाद.

दोन दिवसांपूर्वी पोहोचलो. तुझे पत्र खरोखरच माझ्याआधी येऊन दाराच्या फटीत थांबले होते. घर पत्र्याचे, भिंती बांबूच्या आणि वरून लिंपलेल्या. भोवती सुपारीची उंच झाडे आहेत. वारा आला की ती एकमेकांच्या कानाशी लागतात. लोकांची शेते आपल्यासारखीच भाताची. शेजारीण दारात येऊन काहीतरी गोड बोलते. मला एक अक्षर कळत नाही, तरी मी मान डोलावतो.

काल्पीला यमुना भेटली, कानपूरला गंगा. शरयू पहाटे ओलांडली; धुके इतके होते की पाणी दिसलेच नाही, फक्त ऐकू आले. मग कोसी, मग तिस्ता. ब्रह्मपुत्र मात्र ओलांडावा लागला नाही. घर त्याच्या अलीकडेच आहे. ही नदी नव्हे, नद आहे. आपल्या सगळ्या नद्या आया-बहिणी, हा एकटा पुरुष. सकाळी त्याच्या काठी बसले की पलीकडचा तीर दिसत नाही. जणू तेथे पृथ्वी अजून घडायची आहे.

देव सुखरूप आहेत. नैवेद्य झाला. रागवण्यासारखे काय असणार? तुझ्या हातून कधी उणे झाले आहे का?

प्रकृतीस जप.

तुझा दादा

---

कुडपाडा
पौष, ११ जानेवारी २००३

दादा,
पौष लागला. मी कुठंच गेली नाय.

तुझा पत्र वाचला. नद्या लिवल्यास, सुपारी लिवलीस, शेजारीन लिवलीस. आयचा एक शबूद नाय. देव सुखरूप म्हनतोस. सगले? आय कशी हाय? तिथं थंडी आसल, तिच्यावर काय पांघरतोस? तिला दाराकडं तोंड करून ठेवलीस का भिंतीकडं?

चाळीस साल तू दुसऱ्याच्या पोरांची हजेरी घेतलीस. घरातल्या मानसाची एकदा घे.

सकू

(मामाआजोबा, आजी हे फार रागाने बोलली. का, ते विचारले तर मला सांगत नाही. रागावू नका.)

---

तेजपूर
माघ शुद्ध पक्ष, १२ फेब्रुवारी २००३

चि. सौ. सकूस,
आज आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. तरी मोठा भाऊ आहे, म्हणून लिहितो.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज ते उघडतो आणि मिटतो. तू तेथे बसून कसे ओळखलेस, हे देव जाणे. मी तुला खोटे लिहिले होते. चार देव सुखरूप आहेत. आई नाही.

पोहोचलो त्या सकाळी स्नान करून डबा परातीत उपडा केला. कुलस्वामी, कुलस्वामिनी, वीर, बाबा. तांदूळ बोटांनी विंचरले, अनिताने पुन्हा चाळले. जीपच्या पोत्यांखाली, फडक्याच्या घडीत, सगळीकडे पाहिले. मग मला कळले. मूठ डोळे मिटून भरायची आणि डोळे मिटूनच सोडायची, हा नियम मी काटेकोर पाळला. त्या नियमाखाली केव्हातरी तांदळाबरोबर आई माझ्या मुठीत आली आणि मी तिला पाण्यात सोडले.

कोणत्या पाण्यात? दररोज मी पुन्हा त्या वाटेने निघतो आणि एकेका पुलाशी थांबतो. मला शरयूचा संशय येतो. त्या पहाटे हात गारठला होता आणि मूठ जड लागली होती. खाली काही वाजल्याचे ऐकू आले नाही. पण धुक्यात चांदीचा आवाज तरी केवढा असणार? कधी वाटते, नाही, ती नर्मदाच. डोळा लागला की आई प्रत्येक नदीत मला दिसते. कमरेइतक्या पाण्यात उभी असते, ओरडत नाही. दारात कोण आले ते पाहावे तशी वर पाहते.

शास्त्रे नदीला माता म्हणतात. हे मी किती जणांना समजावून सांगितले असेल. आता तेच मी स्वतःला सांगतो, आणि ऐकणारा उठून जातो.

तो नैवेद्य झालेला नाही. उरलेले तांदूळ तसेच डब्यात आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की मी शरयूच्या त्या पुलाखाली जाईन आणि वाळू चाळीन. अक्षय म्हणतो हा वेडेपणा आहे. असेल. तू तुझे माहेर माझ्या हाती डब्यात बांधून दिले होतेस आणि मी ते हरवले. तुला तोंड दाखवण्यापूर्वी निदान शोधले तरी पाहिजे.

भगीरथ

(आत्या, मी अनिता. बाबांना न सांगता हे खाली लिहिते आहे. डबा उघडला त्या दिवसापासून त्यांनी भात सोडला आहे. आई सापडेपर्यंत तांदूळ तोंडात घालायचा नाही असे ठरवले आहे. इथे तर सगळे जेवण भाताचेच. अर्धी पोळी खातात आणि नदीवर जाऊन बसतात. सदरे खांद्यावरून उतरायला लागलेत. तुमचे ऐकतील म्हणून लिहिते.)

---

कुडपाडा
२० फेब्रुवारी २००३

दादा,
भात खा. पयला भात खा, मंग फुडचा वाच.

आय माझ्याकडं हाय.

नदीत नाय, वालूत नाय. आमच्या भाताच्या कनगीवर हाय, दाराकडं तोंड करून. त्या दिशी देवघराचा दार लोटला आनि एकेक देव तांदलात निजवला. चार निजवलं. तिला उचलली तवा ती माझ्याकडं बघत व्हती. तिच्यावर तांदूल ओताया माझा हात झाला नाय. त्या डोळ्यांवर कसा ओतू? मी तिला लुगड्याच्या वच्यात बांधली, डब्याला गाठ मारली आनि तुझ्या हातात दिली. गोठ्यात गेली ती तोंड लपवाया गेली.

तुला मागितली आसती तं तू दिली नसतीस. शास्तर सांगितला आसतास. म्हनून मागितली नाय.

मला वाटला, पोचल्यावर तू बघशील आनि मला शिव्या घालशील. मी शिव्यांची वाट बघत व्हती, दादा. तुझा पत्र आला तं त्यात देव सुखरूप. मला वाटला, बघ, आय नाय ता ह्याला कळला पन नाय. मंग मला राग आला. मी बरा केला आसा वाटला. तू तिकडं उपाशी बसला आसशील ता माझ्या सपनात पन आला नाय.

चोरी मी केली. तुझ्या पोथीत बहिनीला काय शिक्षा लिवली आसल ती सांग, मी घेईन. आयला पन आनून देईन, म्हनशील तशी. पन पत्राला आठ-धा दिस लागतात, तवर तू उपाशी ऱ्हाशील. म्हनून नम्रता आत्ताच शहापूरला चाललीय, चहाच्या मल्याच्या हापिसात फोन लावाया. तिला म्हटला, साहेबाला सांग, जास्त काय नको. मास्तरला निरोप द्या. भात खा, आय घरी हाय.

सकू

(मामाआजोबा, आजोबा चार वेळा आजीला म्हणाले, ‘मला तरी सांगायचंस.’ आजी म्हणाली, ‘तुमाला सांगितला आसता तं आसनगावपर्यंत बोभाटा झाला आसता.’)

---

तेजपूर
माघ वद्य पक्ष, २ मार्च २००३

चि. सौ. सकूस,
ब्रह्मपुत्राच्या काठावरून, पोट भरलेल्या दादाचा आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या आधी तुझा निरोप आला. त्या दुपारी मी काठावर बसलो होतो. मळ्याच्या कचेरीतला शिपाई सायकल वाळूत आडवी टाकून धावत आला आणि माझ्या हाती चिठ्ठी दिली. त्याच्या साहेबाने इंग्रजीत लिहिलेली दोनच वाक्ये: भात खा. आई घरी आहे. साहेबाला वाटले असावे की म्हातारा रुसून जेवायचा थांबला आहे आणि कोणी वडीलधारी बाई त्याला समजावते आहे. शिपाई मोठ्या गंभीरपणे माझा हात धरून मला घरापर्यंत घेऊन आला आणि मी पाटावर बसेपर्यंत हलला नाही.

डब्यातल्या उरलेल्या तांदळाचा त्याच दिवशी भात केला. चौघा देवांना नैवेद्य दाखवला, एक पान शिपायाला वाढले. पहिला घास घेतला तेव्हा तांदळाला आपल्या खळ्याचा वास होता. मग मी खात राहिलो, आणि अनिताने मला पुन्हा पुन्हा वाढले.

शिक्षा विचारली आहेस. मी शोधली. ज्याने स्वतः खोटे लिहिले त्याने शिक्षा सांगावी, असे मला कोणत्याही पोथीत सापडले नाही. तू मागितली असतीस तर मी दिली नसती, हे तू खरे लिहिलेस. देव पुरुषाच्या वंशाबरोबर जातात, असे काहीतरी मी म्हणालो असतो आणि तुझ्याकडे पाहिलेही नसते. तेव्हा जे मी दिले नसते ते तू घेतलेस, एवढाच याचा अर्थ मी लावतो.

आईला परत आणू नकोस. येथे देवघरात तिची जागा मी रिकामी ठेवली आहे. रोज तेथे तांदळाचा एक दाणा ठेवतो; येथील चिमण्या तो नेतात. विचार केला, जी सदा दारात कोण आले ते पाहते तिला कोठे ठेवावे? माझ्या या दारात शेजारीण येते, तिचे बोलणे आईला कळणार नाही. तुझ्या दारात आपली माणसे येतात.

आणखी एक. त्या उपासाच्या दिवसांत मी मनाने प्रत्येक नदीपाशी आईचा निरोप घेतला होता. काळूपासून तिस्तेपर्यंत. आता ती तुझ्याकडे आहे हे कळले, तरी त्या नद्यांतून ती पुरती निघत नाही. सकाळी स्नानाला तांब्या भरतो, नावे घेतो, आणि प्रत्येक नावाला कोणीतरी वर पाहते. हे मी कोणाला सांगणार नव्हतो. तुला सांगितले.

यंदा कार्तिकात तुमचे खळे उरकले की मी येतो. आगगाडीनेच येईन, बरोबर देव नसतील, तेव्हा नदीवर थांबायचे कारण नाही. चार दिवस राहीन. पाय धुवायला अंगणात पाणी ठेव. आईपुढे बसेन, तुझी भांडणे ऐकेन, आणि भावजींबरोबर मीठ आणायला जाईन. चाळीस वर्षे तू माझ्या दारात आलीस. आता माझे माहेर तुझ्याकडे आहे.

तिचे तोंड दाराकडेच असू दे.

तुझा दादा